तुमच्या कारच्या पुढच्या चाकामागे ज्याचं नाव लपलंय, त्याची स्वतःची कार मात्र कधी रस्त्यावर आलीच नाही

समजा एक जुनी, मॉडिफाय केलेली गाडी समोर उभी आहे. बॉडी एका गाडीची, इंजिन दुसऱ्या गाडीचं, नावाची पट्टी कधीच गायब झालेली आणि कागदपत्रांवर भरवसा ठेवावा अशी परिस्थिती नाही. मग ही गाडी मुळात कुठली हे ओळखायचं कसं?

जुन्या गाड्यांचा नाद असलेली माणसं अशा वेळी वरचा रंग बघत बसत नाहीत. गाडी जॅकवर घेतात, पुढचं चाक काढतात आणि आत डोकावतात. कारण बॉडी बदलता येते, सीट बदलता येतात, पण पुढचं सस्पेन्शन बदलणं म्हणजे स्टिअरिंगपासून ब्रेकपर्यंत सगळ्याला हात घालणं. त्यामुळे गाडीचं खरं कूळ बऱ्याचदा तिथेच सापडतं.

दोन्ही चाकांना जोडणारा एक सरळ दांडा आणि त्याखाली कमानपाटे दिसले, तर घराणं जुन्या जीपचं. चाकाच्या वर आणि खाली असे दोन त्रिकोणी हात आणि त्यांच्या मधोमध स्प्रिंग दिसली, तर तो डबल विशबोन. आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीत हाच प्रकार होता. स्प्रिंग कुठेच दिसत नाही, फक्त एक लांब सळई मागच्या दिशेने गेलेली दिसते? मग तो टॉर्शन बार, म्हणजे आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं घराणं.

आणि कधी कधी यातलं काहीच दिसत नाही. वरचा हातच गायब असतो. चाकाच्या मागून एक जाडजूड नळकांडं सरळ वर बॉनेटखाली जातं, त्याच्याच भोवती स्प्रिंग गुंडाळलेली असते आणि खाली एकुलता एक दांडा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की कुणीतरी पार्ट काढून विकलेत. पण पार्ट हरवलेले नसतात, ते मुद्दाम काढून टाकलेले असतात.

ते काढून टाकणाऱ्या माणसाचं नाव होतं अर्ल स्टील मॅकफर्सन.

हे नाव तुम्ही वाचलेलं आहे. नवी कार घेताना ब्रोशरमध्ये फ्रंट सस्पेन्शनच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट असं लिहिलेलं असतं. मारुती ८०० मध्ये ते होतं, पुण्याच्या टाटा इंडिकात होतं, आणि आजही बहुतेक छोट्या कारमध्ये आहे. पण हे एखाद्या कंपनीचं नाव नाही. तो हाडामांसाचा माणूस होता आणि त्याची गोष्ट एका रद्द झालेल्या गाडीची आहे.

युद्धातून गाड्यांकडे

मॅकफर्सन यांचा जन्म ६ जुलै १८९१ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या हायलँड पार्कचा. इलिनॉय विद्यापीठातून त्यांनी इंजिनिअरिंग केलं आणि १९१५ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. तो काळ असा होता की गाड्यांचं वेड असलेल्या प्रत्येक पोराला डेट्रॉईट गाठायचं असायचं. मॅकफर्सन यांनाही डेट्रॉईटच्या चामर्स या मोटार कंपनीत नोकरी मिळाली.

तेवढ्यात अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. मॅकफर्सन सैन्यातून युरोपात गेले आणि तिथे विमानांच्या इंजिनांवर काम करू लागले. विमानात एकेक किलो वजनाचा हिशेब द्यावा लागतो, कारण नको असलेला प्रत्येक पार्ट जमिनीवरून उचलायचा असतो. पुढे त्यांनी जे काही केलं, त्यात हा हिशेब दिसत राहतो.

युद्धानंतर आधी लिबर्टी आणि मग हप या कंपन्यांमध्ये त्यांनी नोकऱ्या केल्या. हप म्हणजे हपमोबिल गाड्या बनवणारी कंपनी. १९३० च्या दशकात अमेरिकेत महामंदी आली, एकेक गाडी कंपनी बुडायला लागली आणि हपमोबिलचेही दिवस फिरले. १९३४ मध्ये मॅकफर्सन जनरल मोटर्समध्ये आले आणि लवकरच शेव्हरोलेच्या डिझाइनचं मोठं काम त्यांच्याकडे आलं. एका चांगल्या इंजिनिअरचं करिअर जसं सरळ रेषेत जावं, तसं ते चाललं होतं.

खरी गोष्ट सुरू झाली ती १९४५ मध्ये.

हजार डॉलरची गाडी

दुसरं महायुद्ध संपत होतं. युद्धाच्या काळात अमेरिकेत सामान्य माणसांसाठी गाड्या बनवणं बंदच होतं. आता लाखो सैनिक घरी परतणार होते, त्यांना घर हवं होतं, नोकरी हवी होती आणि गाडीही हवी होती. पण मागच्या युद्धानंतर आली तशी मंदी पुन्हा आली तर? मग लोकांना मोठ्या गाड्या परवडणार नाहीत, अशी भीती कंपन्यांना होती.

म्हणून जनरल मोटर्सने शेव्हरोलेच्या नावाखाली एक छोटी गाडी बनवायचं ठरवलं. किंमत हजार डॉलरच्या आत. या प्रोजेक्टचे प्रमुख होते मॅकफर्सन, आणि गाडीचं नाव ठरलं शेव्हरोले कॅडेट.

स्वस्त गाडी म्हणजे मोठ्या गाडीला कापून छोटी करायची, असा सोपा रस्ता होता. मॅकफर्सन यांनी तो घेतला नाही. चार माणसं ऐसपैस बसतील, वजन हजार किलोच्या आसपास राहील, सुमारे २.२ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन असेल आणि गाडी खड्ड्यात आदळणार नाही, अशी गाडी त्यांना हवी होती. त्यासाठी चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन द्यायचं त्यांनी ठरवलं. म्हणजे एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला त्याची खबर लागायला नको.

अडचण एकच होती. स्वतंत्र सस्पेन्शन म्हणजे पार्टचा ढीग. वरचा हात, खालचा हात, त्यांचे बुश, स्प्रिंग, वेगळा शॉक अ‍ॅब्सॉर्बर, हे सगळं पेलणारी जड लोखंडी चौकट. हे सगळं हजार डॉलरमध्ये बसत नव्हतं.

मग मॅकफर्सन यांनी विचार उलटा केला. शॉक अ‍ॅब्सॉर्बर गाडीत असतोच. स्प्रिंगची उसळी जिरवणं एवढंच काम तो करतो. त्यालाच जरा दणकट केलं आणि चाक सरळ धरून ठेवायचं कामही दिलं तर? खालचं टोक थेट चाकाच्या हबला घट्ट जोडायचं, वरचं टोक बॉडीला, आणि स्प्रिंग त्याच्याच भोवती बसवायची. मग वरच्या हाताची गरजच उरत नाही. पुढच्या चाकांवर तर आणखी एक काम होतं. स्टिअरिंग फिरवलं की हा अख्खा खांबच चाकाबरोबर फिरतो.

म्हणजे घरातल्या एका माणसाने स्वयंपाकही करायचा, भाजीही आणायची आणि दारही उघडायचं, असा प्रकार. पण त्यामुळे पार्ट कमी झाले, वजन कमी झालं आणि दोन चाकांच्या मध्ये इंजिनाला ऐसपैस जागा मिळाली.

ही कल्पना आभाळातून पडलेली नव्हती. इटलीत फियाटचे गुइदो फोर्नाका यांनी १९२० च्या दशकातच अशा धाटणीची रचना कागदावर आणली होती. विमानाच्या चाकांना लांब दांड्याचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आधीपासून होते. १९३० च्या दशकातल्या स्टाउट स्कॅरब या विचित्र दिसणाऱ्या अमेरिकन गाडीतही खांबासारखं सस्पेन्शन होतं. मॅकफर्सन यांचं श्रेय हे की कारखान्यात रोज शेकड्याने बनवता येईल इतकं सुटसुटीत रूप त्यांनी या कल्पनेला दिलं.

कॅडेटच्या चाचणीच्या गाड्या तयार झाल्या. आणि मग कंपनीने हिशेब मांडला.

भीती वाटली होती ती मंदी आलीच नाही. उलट लोक युद्धात साठवलेला पैसा घेऊन शोरूमबाहेर रांगा लावून उभे होते. जी गाडी दिसेल ती विकली जात होती. पोलाद मात्र कमी पडत होतं. मग त्याच पोलादातून मोठी, जास्त नफ्याची गाडी बनवायची सोडून छोटी गाडी कशाला बनवायची? कॅडेट आधी लांबणीवर पडली आणि १९४७ मध्ये प्रोजेक्ट बंदच झाला.

दोन वर्षांचं काम गुंडाळून ठेवलं गेलं. मॅकफर्सन तेव्हा ५६ वर्षांचे होते. या वयात माणूस निवृत्तीचे बेत आखतो. त्यांनी नोकरी बदलली, तीही थेट समोरच्या पार्टीत जाऊन.

फोर्डच्या दारात

तिकडे फोर्ड कंपनीतही उलथापालथ चालली होती. म्हातारे हेन्री फोर्ड बाजूला झाले होते आणि १९४५ पासून त्यांचा नातू हेन्री फोर्ड दुसरा कारभार बघत होता. आजोबांना पुढच्या चाकांना सरळ दांडा आणि आडवा कमानपाटा यापलीकडे काही पटत नसे. त्यामुळे इतर कंपन्या पुढे गेल्या तरी अमेरिकन फोर्ड गाड्या १९४८ पर्यंत त्याच जुन्या पद्धतीवर धावत होत्या. नातवाला कंपनी बदलायची होती आणि त्यासाठी तो जनरल मोटर्सच्या मुशीत तयार झालेली माणसं गोळा करत होता.

१९४७ मध्ये मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले. डोक्यात कॅडेट होतीच.

यात एक गंमत आहे. या सस्पेन्शनच्या पेटंटसाठी त्यांचा पहिला अर्ज १९४७ मध्ये जनरल मोटर्ससाठी झाला होता. फोर्डमध्ये आल्यावर १९४९ मध्ये दुसरा अर्ज झाला. दोन्ही पेटंट १९५३ मध्ये मंजूर झाली. एकाच माणसाच्या डोक्यातली कल्पना एकमेकांच्या कट्टर स्पर्धक असलेल्या दोन कंपन्यांच्या तिजोरीत जाऊन बसली. ज्या कंपनीत ती जन्मली तिने ती कपाटात ठेवली आणि दुसरीने रस्त्यावर आणली.

पण तो रस्ता अमेरिकेतला नव्हता. अमेरिकन गाड्या मोठ्या, जड आणि पेट्रोल स्वस्त. तिथे जागा आणि वजन वाचवायची कुणाला घाई नव्हती. युरोपात उलटं होतं. युद्धाने कंबरडं मोडलेलं, रस्ते अरुंद, पेट्रोल महाग. तिथे अशा गाडीची गरज होती.

१९५० मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट मोटार शोमध्ये ब्रिटिश फोर्डने कॉन्सुल आणि झेफिर या दोन गाड्या मांडल्या. पुढच्या चाकांवर मॅकफर्सन यांचा स्ट्रट होता. या गाड्यांची बॉडी आणि चौकट एकसंध होती, आणि स्ट्रटला नेमकं तेच हवं होतं. कारण त्याचं वरचं टोक बॉडीलाच जोडायचं असतं. बॉडीच लेचीपेची असेल तर हा खांब टेकणार कशाला?

या फोर्ड गाड्यांत आणखी एक हुशारी होती, आणि जुनी मॉडिफाय केलेली गाडी ओळखताना लोक नेमके तिथेच गोंधळतात. खालचा हात त्रिकोणी नसून एक साधा दांडा होता. असा दांडा चाकाला आडवं धरू शकतो, पण ब्रेक मारल्यावर चाक मागे ढकललं जाईल त्याचं काय? त्यासाठी वेगळा पार्ट लावलाच नाही. वळणावर गाडी झुकू नये म्हणून जो अँटी-रोल बार लावतात, त्याचंच टोक त्या दांड्याला जोडलं. एका सळईने दोन कामं. चाक काढून आत बघितलं आणि समोरून वाकून आलेली सळई खालच्या दांड्यात घुसलेली दिसली, तर ते सहसा जुन्या ब्रिटिश फोर्डचं घराणं असतं.

१९५३ मध्ये फोर्ड झेफिरने मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. बर्फाचे रस्ते, घाटाची वळणं, आणि गाडी चालवत होते नेदरलँड्सचे मौरिस गात्सोनिडीस. हेच गृहस्थ पुढे गाडीचा वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्याचे जनक म्हणून प्रसिद्ध झाले. म्हणजे रॅली जिंकणाऱ्या माणसानेच पुढे जगाला चलन फाडणारं यंत्र दिलं. असो.

नाव मोठं झालं, माणूस निवृत्त झाला

१९५२ मध्ये मॅकफर्सन फोर्डच्या इंजिनिअरिंग विभागाचे उपाध्यक्ष झाले. त्याच वर्षीच्या लिंकन गाड्यांना पुढे बॉल जॉइंटवर फिरणारं नवं सस्पेन्शन मिळालं. १९५४ पासून फोर्ड गाड्यांतही ते आलं. पण अमेरिकेतल्या फोर्ड गाड्यांना त्यांचा स्वतःचा स्ट्रट मात्र लागला नाही. विभागाचे प्रमुख तेच, पेटंटवर नाव त्यांचंच, पण हिशेब पुन्हा तोच. मोठ्या गाडीला त्याची गरज नव्हती.

मे १९५८ मध्ये ते निवृत्त झाले. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये फोर्ड अँग्लिया १०५ई आली. हॅरी पॉटरमध्ये आकाशात उडते ती निळी गाडी हीच. तिच्याही पुढच्या चाकांवर मॅकफर्सन स्ट्रट होता.

त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत एक वेगळीच धांदल उडाली. फोक्सवॅगन बीटलसारख्या परदेशी छोट्या गाड्या धडाधड विकल्या जात होत्या. त्यांना उत्तर म्हणून शेव्हरोलेने कॉर्व्हेअर आणली, फोर्डने फाल्कन आणली. बारा वर्षांपूर्वी नको म्हणून बंद केलेली छोटी गाडी आता सगळ्यांना हवी होती. तरीही दोन्ही कंपन्यांनी पुढे स्ट्रट लावला नाही.

२६ जानेवारी १९६० रोजी अर्ल मॅकफर्सन यांचं निधन झालं. वय ६८ वर्षं.

मेल्यानंतरचा प्रवास

त्यानंतर जे घडलं ते त्यांना बघता आलं नाही. प्युजो ४०४, बीएमडब्ल्यूची १५००, फोर्ड कॉर्टिना, एकेक गाडी स्ट्रटवर यायला लागली. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांनी तर तीच कल्पना मागच्या चाकांना लावली होती, तिला चॅपमन स्ट्रट म्हणतात. पोर्शे ९११ मध्ये स्ट्रट आला, पण त्याभोवती स्प्रिंगच नव्हती. स्प्रिंगचं काम टॉर्शन बारकडे दिलेलं होतं. १९७० मध्ये खुद्द बीटलच्या सुपर बीटल या आवृत्तीनेही पुढचे टॉर्शन बार काढून स्ट्रट घेतला.

मग इंजिन आडवं बसवून पुढची चाकं फिरवणाऱ्या गाड्यांची लाट आली. अशा गाडीत पुढे इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांकडे जाणारे शाफ्ट असं सगळं दाटीवाटीने बसवायचं असतं. वरचा हात ठेवायला जागाच नसते. मॅकफर्सन यांनी तो १९४० च्या दशकातच काढून टाकला होता. होंडा सिव्हिक, फोक्सवॅगन गोल्फ, आणि बघता बघता जगभरच्या छोट्या गाड्यांनी हा खांब स्वीकारला. १९८० च्या आसपास अमेरिकेतल्या कंपन्यांनाही तो घ्यावा लागला. ज्या जनरल मोटर्सने कॅडेट बंद केली, तिच्याही गाड्यांत तो आला.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० भारतात आली. तोवर स्कूटरवर चौघं बसून जाणाऱ्या कुटुंबाला पहिल्यांदा चारचाकीचं स्वप्न परवडलं. तिच्या पुढच्या चाकांवर मॅकफर्सन यांचा स्ट्रट होता. १९४५ मध्ये डेट्रॉईटमध्ये एका माणसाने सामान्य कुटुंबाच्या गाडीसाठी जे काढलं होतं, ते अखेर सामान्य कुटुंबाच्या गाडीखाली येऊन बसलं. देश दुसरा होता, एवढाच फरक.

या रचनेत दोष नाहीत असं नाही. उंच खांबामुळे बॉनेट फार खाली आणता येत नाही. रस्त्याचा आवाज थेट बॉडीत येतो. जोरात वळण घेतल्यावर टायर रस्त्याला डबल विशबोनइतकं नेमकं चिकटून राहत नाही. म्हणून रेसिंगच्या आणि महागड्या गाड्यांत आजही दोन हातांचं सस्पेन्शन दिसतं. पण ते काम कमी जागेत आणि कमी पैशात करायचं असेल, तर सत्तर वर्षांनंतरही पहिलं नाव हेच येतं.

तर मग ती गाडी ओळखायची कशी?

आता पुन्हा त्या जॅकवर चढवलेल्या गाडीकडे येऊ. नुसतं बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे उंच गोल मनोरे बघितले आणि मॅकफर्सन म्हणून मोकळं झालं, तर फसायला होतं. जुन्या फोर्ड फाल्कन आणि मस्टँगमध्येही असे मनोरे आहेत, पण तिथे स्प्रिंग वरच्या हातावर बसलेली असते. म्हणून आधी वरचा हात शोधायचा. तो असेल तर हा स्ट्रट नाही.

वरचा हात नसेल, तर चाक हाताने वळवून बघायचं. नळकांडं चाकाबरोबर फिरलं, तर घराणं मॅकफर्सनचं. नळकांडं आहे पण त्याभोवती स्प्रिंग नाही, तर ती खालच्या हातावर आहे की लांब सळईच्या रूपात, ते बघायचं. खालच्या हातावर असेल तर १९७८ नंतरच्या अमेरिकन फोर्डची शक्यता मोठी, सळई असेल तर पोर्शेची. शेवटी खालचा हात त्रिकोणी आहे की साधा दांडा, आणि अँटी-रोल बार त्याला कुठे जोडलाय, ते बघायचं. एवढ्यावर कूळ कळतं. पुढे पार्टवर ओतलेले किंवा ठोकलेले नंबर घासून साफ केले की गाव आणि सालही सापडू शकतं.

कॅडेट आज कुठल्याही रस्त्यावर दिसत नाही. पण पार्किंगमधल्या छोट्या गाड्यांजवळ जाऊन चाकाच्या वर वाकून बघितलं, तर तिचा पाय अजून तिथे उभा असलेला दिसतो.